दोन एक्स-रे शेजारी शेजारी

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. पत्र्याचे अंग, पुढे दुधी काच आणि पोटात दोन ट्यूबलाइट. छातीच्या डॉक्टरबाईंच्या खोलीत मी भिंतीवर आहे. माझ्यावर एक्स-रे लावला, की हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात. जिथे काही साचले किंवा वाढले, तिथे पांढरे. लोक माझ्याकडे इतक्या आशेने बघतात, की मलाच अवघडल्यासारखे होते.

एकदा बेकरीवाले काका खोकत आले, सोबत काकू. पीठ नाकातोंडात जाते, दुसरे काय, असे घरी सगळ्यांनी ठरवूनच टाकले होते. पण एक्स-रेत उजव्या फुप्फुसात पांढरा डाग निघाला. डॉक्टरबाईंनी विचारले, पूर्वी काही मोठे दुखणे झाले होते का? काका तोंड उघडणार, तेवढ्यात काकू नाही म्हणून मोकळ्या झाल्या. डाग न्यूमोनियासारखा होता, तेव्हा त्याच्याच गोळ्या मिळाल्या.

गोळ्या संपल्या, खोकला हटेना. नव्या एक्स-रेत डाग वाढला होता, शिवाय दोन गोल ठिपके उमटले होते. डॉक्टरबाईंनी पुन्हा तेच विचारले. या वेळी काकाच बोलले.

"लिम्फोमा झाला होता. बरा झालो, तेव्हापासून घरात त्याचं नाव काढत नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "नाव घेतलं की परत येईल, असं वाटायचं हो."

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. घरी माळ्यावर गाद्यांखाली दडवलेला त्या वेळचा जुना एक्स-रे आला आणि दोन्ही माझ्यावर शेजारी शेजारी लागले. जुन्यात फुप्फुसांच्या मधल्या ग्रंथी सुजलेल्या होत्या, पण फुप्फुसे स्वच्छ होती. लिम्फोमा फुप्फुसात पसरला तर कधी गाठींसारखा दिसतो, कधी हुबेहूब न्यूमोनियासारखा, नुसत्या चित्रावरून ठरवता येत नाही, असे डॉक्टरबाईंनी समजावले. मग सीटी स्कॅन झाला, सुईने डागातला छोटा तुकडा काढून तपासला. आजार परतला होता.

"माझ्यामुळे उशीर झाला का?" काकूंनी विचारले.

डॉक्टरबाई खोटे बोलल्या नाहीत. "थोडा झाला. आता मात्र वेळ घालवायचा नाही." काकांनी काकूंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हल्ली बहुतेक चित्रे संगणकावरच बघतात. माझी एक ट्यूब मिणमिणते, कोणी धूळही पुसत नाही. त्याचे वाईट वाटते, पण मागणे वेगळेच आहे. मित्रांनो, घरातले जुने एक्स-रे जपून ठेवा. आजाराचे नाव शेजाऱ्यांना सांगू नका हवे तर, डॉक्टरांना मात्र विचारण्याआधी सांगा. काकांचे उपचार चालू आहेत, डाग थोडा लहान झाला आहे. पुढच्या एक्स-रेत काय दिसेल, याची काकूंइतकीच मलाही धाकधूक आहे.