डावीकडे वळणारा चेंडू

सौदामिनीला गोल्फ खेळायची हौस नव्हती. ते तिच्या गळ्यात पडलं.

भाटघरच्या धरणावरच्या साहेब लोकांनी पाण्याकाठच्या माळावर सहा भोकांचं मैदान करून घेतलं होतं; कमी फटक्यांत चेंडू भोकात घालील त्याचं ते भोक. सन छत्तीसच्या थंडीत मोठ्या साहेबांच्या मडमेला, मिसेस हॉल्डनला, खेळायला जोडीदारीणच उरली नाही. वसाहतीत दुसरी गोरी बाई नव्हती. मग तिने इंग्रजी बोलणारी एकुलती एक बाई हेरली, ती ही. केशवराव आठल्ये धरणावर इंजिनियर होते आणि सौदामिनी त्यांची बायको. भोरच्या मास्तरांची लेक, वडिलांनी घरीच इंग्रजी शिकवलेली.

"अहो, नऊवारी नेसून गोल्फ खेळतं का कुणी?" तिने विचारून पाहिलं.

"कॅनव्हासचे बूट आणतो पुण्याहून," केशवराव म्हणाले. "मोठ्या साहेबांच्या घरातून निरोप आलाय. नाही कसं म्हणायचं?"

पण लहानपणी तीन भावांच्या बरोबरीने विटीदांडू खेळलेले हात ते. दोन महिन्यांत तिचा चेंडू सूत धरल्यासारखा सरळ जायला लागला. मडम हरायची, टाळ्या वाजवायची आणि पुन्हा परवा ये म्हणून बजावायची. सौदामिनीलाही ते आवडायला लागलं. सकाळच्या उन्हात पलीकडे रोहिडा किल्ला निळा दिसायचा, चेंडू हवेत चढायचा, आणि तेवढा वेळ आपण कुणाची सून किंवा कुणाची बायको आहोत हे तिच्या ध्यानातही नसायचं.

एका रविवारी चहाच्या वेळी मोठे साहेब केशवरावांना म्हणाले, "आठल्ये, तुझी बायको माझ्या बायकोला फार भारी पडते आहे."

म्हणताना ते हसले नाहीत. झालं! केशवरावांच्या नोकरीला चार वर्षं झाली तरी ते अजून हंगामीच होते. मार्चअखेर कायम करण्याचे कागद साहेबांच्या टेबलावर जायचे होते. घरी येताच त्यांनी पगडी खुंटीला अडकवली आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "तू हरत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे हरायचं. पण त्यांना कळता कामा नये."

सौदामिनीने पहिल्या दिवशी चेंडू मुद्दाम अर्धवट मारले. दोनदा तर काठी नुसती गवतावरून फिरवली. तिसऱ्या भोकापाशी मडम थांबली. "तुला बरं नाही का? की माझी कीव करते आहेस?" तिच्या निळ्या डोळ्यांत राग होता. सौदामिनीने डोकं दुखतंय असं सांगून वेळ मारून नेली. घरी केशवराव कपाळाला हात लावून बसले. "काहीतरी कर गं. खरं वाटेल असं काहीतरी."

शेवटी तिने गेनबाला गाठलं. गेनबा वेळवंडीच्या खोऱ्यातला कुणबी, पन्नाशीचा. त्याचं रान पाण्याखाली गेल्यापासून तो मैदानाचं गवत कापी आणि साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाही. स्वतः कधी खेळला नाही; पण दहा वर्षांत चार साहेबांचे खेळ पाहून चेंडू कशाने कुठे जातो हे त्याला तळहातासारखं ठाऊक झालं होतं.

"गेनबा, चेंडू वळवायचा कसा, शिकवाल? आधी सरळ निघाला पाहिजे आणि मग गेला पाहिजे वाकडा."

"आक्रीतच म्हनायचं," गेनबा म्हणाला. "वाकडं जातंय म्हून साहेब लोक बोंबलत्यात. तुमचं सरळ जातंय, त्येला वाकडं कशापायी करता?"

तिने काही न लपवता सांगितलं. गेनबाने मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं.

"मंग शिकायलाच पायजे," तो म्हणाला. "ह्यो उजवा पाय वाईच मागं घ्या. उजवी मूठ काठीच्या खाली वळवा. आन् मारताना काठी पोटाकडनं भायेर जाऊ द्या. चेंडू निगंल उजव्या अंगानं, आन् मंग फिरंल डावीकडं. डावीकडं पानी हाय. पान्यात गेला की कुनी काय म्हनत न्हाई, समद्यांचाच जातो."

सांगणं सोपं होतं. पण तिचे हात हट्टी निघाले. मडम पंधरा दिवस पुण्याला गेली तेव्हा ती दुपारी मैदानावर यायची. रोज तीस-चाळीस चेंडू मारायचे आणि निम्मे सरळ जायचे. तिची बोटं सोलवटली. स्वयंपाक करताना तिखट झोंबायचं. सासूबाईंनी विचारलं तर ती काटा लागला म्हणायची. मग बाराव्या दिवशी एक चेंडू उजवीकडच्या करवंदीच्या जाळीवरून निघाला, वर गेला, तिथे क्षणभर जणू विचार केला आणि घार वळावी तसा डावीकडे वळून पाण्यात पडला.

सौदामिनी मोठ्यांदा हसली. गेनबाही हसला. "व्हय! ह्येच ते!" तो ओरडला. इतकी सुंदर गोष्ट आपल्या हातून झाली हे तिला खरं वाटेना. मग आपण ती कशासाठी शिकलो ते आठवलं, आणि ती काठी गेनबाच्या हातात देऊन घरी गेली.

पुढच्या सामन्यात ती एकाच भोकाने हरली. मडमेला संशय आला नाही. नंतर ती कधी एकाने हरे, कधी दोनांनी. मधे एखादा डाव जिंके. मार्चमध्ये केशवराव कायम झाले. त्यांनी हुकुमाचा कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुझं आहे."

तिने कागद वाचला. साहेबांची सही जानेवारीच्या पाच तारखेची होती.

"अहो, ही सही तर त्या चहाच्या आधीची."

केशवरावांनी कागद परत घेतला. दोनदा वाचला. "असेल," ते म्हणाले.

"मग आता मी नीट खेळू?"

"वेडी आहेस का? एकाएकी जिंकायला लागलीस तर मागचं सगळं उघडं नाही पडणार? चाललंय ते चालू दे."

ते चाललं. आणखी दोन थंड्या चाललं.

सन एकोणचाळीसच्या फेब्रुवारीत साहेबांची मुदत संपली. निघायच्या आदल्या सकाळी मडम मैदानावर आली ती खुशीत नव्हती. पहिल्याच भोकापाशी तिने सौदामिनीचा हात धरला.

"पहिल्या वर्षी तू कशी खेळायचीस ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "मी मूर्ख नाही. का ते मी विचारत नाही. पण आज एकदा माझ्याशी खरं खेळ. मला हरायचं असेल तर खरंखुरं हरू दे."

"खेळते," सौदामिनी म्हणाली. मनापासून म्हणाली.

तिने उजवा पाय पुढे घेतला, मूठ सरळ केली, झेंड्याकडे पाहिलं आणि मारला. चेंडू उजवीकडे निघाला, वर चढला आणि डावीकडे वळून पाण्यात गेला.

सौदामिनीने दुसरा लावला. तो वळला. दुसऱ्या भोकाला तिने काठी घट्ट धरली, तिसऱ्याला सैल. चौथ्याला तर वळण हिशेबात धरून ती पार उजवीकडे, करवंदीच्या पलीकडे नेम धरून उभी राहिली, आणि तेवढा चेंडू हट्टाने न वळता करवंदीतच अडकला. गेनबा पिशवी धरून मागे उभा होता. "खांदं सोडा बाई, खांदं सोडा," तो पुटपुटत होता. तिचे खांदे तिचं ऐकत नव्हते. घामाने कुंकू ओघळलं. सहाही भोकं ती हरली.

"मला येत नाहीये," ती मडमेला म्हणाली. "खरंच सांगते, मला आता सरळ मारता येत नाही."

"शेवटपर्यंत तू फार शिष्टाचाराने वागलीस," मडम थंडपणे म्हणाली. हातमोजा न काढता तिने हात पुढे केला आणि मोटारीकडे निघून गेली. सौदामिनी दोन पावलं तिच्यामागे धावली. पण सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि तेच खोटं ठरलं होतं.

नवे साहेब टेनिसवाले निघाले. मैदान मोडेपर्यंतचे आठ-दहा दिवस सौदामिनी रोज दुपारी माळावर जात राहिली. केशवरावांनी आता कशाला म्हणून विचारलं, तेव्हा ती बूट चढवून निघाली. चेंडू वळतच राहिले.

"म्याच शिकिवलं," गेनबा एकदा खाली बघत म्हणाला. "घालवायचं कसं त्ये मला ठावं न्हाई, बाई."

"तुमचा काय दोष, गेनबा?"

मग ढोरांचे पाय मोडतात म्हणून भोकं बुजवायचा हुकूम आला. गेनबा घमेल्यात माती घेऊन पहिल्यापासून एकेक बुजवत सहाव्यापाशी आला.

"हे सहावं उद्यापर्यंत राहू द्या," सौदामिनी म्हणाली.

"मुकादम हुबा हाय तिथं," गेनबा म्हणाला. त्याने माती ओतली आणि पायाने दाबली.