पाहुण्यांपुरतं पाणी

माझ्या जावेला मी पाण्यात पाहते आणि ती मला. आमच्या गावात बारा महिने टिकलेलं पाणी तेवढंच. घर आधी एकच होतं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली, तीही इतकी पातळ, की तिकडे तिने भांडं आपटलं तर इकडे माझ्या शिवणयंत्रावरची कात्री हलते. पुढे माझा नवरा गेला. तिचा आहे. तो गावाच्या पाणी समितीचा अध्यक्ष आहे, म्हणजे जे नाही त्याचा अध्यक्ष.

नळ आठवड्यातून एकदा येतो असं म्हणायचं. येतो म्हणजे आधी फुसफुसतो, मग गंजाचं लाल पाणी थुंकतो, आणि हंडा अर्धा होतो न होतो तोच बंद. बाकीचे दिवस टँकर आणि टँकरभोवतीची मारामारी. माझ्या घरी तर तेवढंही पोचत नसे, कारण भिंत घालताना नळाचा चांगला भाग जावेकडे गेला. पण हे सगळं आपापसांत बोलायचं. बाहेरच्यासमोर चकार शब्द काढायचा नाही. कोरड्या गावात पोरगी कोण देणार? म्हणून कुणाकडे मुलगा बघायला माणसं येणार असली, की अख्खी गल्ली आपलं साठवलेलं पाणी त्या घरात नेऊन ओतायची. पिंपं काठोकाठ भरायची, अंगण धुवायचं आणि उंबऱ्यासमोर मुद्दाम बादलीभर पाणी सांडायचं. थोडा चिखल दिसला पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी याच चिखलातून सून होऊन आले. माझ्या वडिलांनी भरलेली पिंपं बघितली आणि समाधानाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने माझ्या हातात दोन रिकामे हंडे दिले आणि म्हणाली, "चल." एवढंच. सासू मरेपर्यंत मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. जाऊही तशीच आली. ती पहिल्या सकाळी भोकाड पसरून रडली होती, मी रडले नव्हते. तेव्हापासूनच ती मला आवडत नाही.

आता माझा मुलगा. मोटारी भरून देण्याचं त्याचं दुकान आहे, जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळायची. पोरगा गुणाचा आहे, पण तिशी उलटली तरी लग्न ठरत नव्हतं. येणारी माणसं हुशार झाली होती, शेजाऱ्यांना विचारायची, आणि शेजारी कोण, तर माझी जाऊ. शेवटी एक स्थळ जमलं. मुलीचे आईवडील येऊन पिंपं बघून गेले, मुलगी पसंत, मुलगा पसंत. पोरगा दुकानात गुणगुणायला लागला. त्याला गुणगुणताना मी त्याच्या लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि नेमकी तेव्हाच ती योजना आली. लांबच्या धरणातून मोठ्या पाइपलाइनने आमच्यासारख्या सगळ्या टीचभर गावांना पिण्याचं पाणी द्यायचं. पण धरणातलं पाणी मोजकंच, म्हणून जिथे टंचाई जास्त ती गावं पहिल्या टप्प्यात आणि बाकीची दुसऱ्या. कोणतं गाव कुठे, ते घरोघरी बघून ठरणार होतं. बघायला येणारा साहेब कोण? मुलीचा सख्खा मामा. दैव असं खोडसाळ असतं.

दिराने शाळेच्या खोलीत सभा घेतली. "त्या दिवशी कुणी अंगण धुवायचं नाही. पिंपं उघडी ठेवा, रिकामी ठेवा. कुणी शहाणपणा केला तर गाठ माझ्याशी आहे," असं तो सगळ्यांना म्हणाला आणि बघत होता माझ्याकडे.

मी आदल्या दिवशी खासगी टँकर मागवला. लपवायची सोय नव्हतीच. नळी अंगणातून आत गेली आणि लगेच अंगणातल्या भिंतीवरून जावेचं डोकं वर आलं.

"लाज वाटत नाही? अख्खं गाव एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला!"

"माझ्या मुलाचं लग्न तुझ्या बापाने ठरवलं नाही."

"बाप काढू नका, जाऊबाई."

"मग तू डोकं काढू नकोस."

दीर बाहेरून आला, चपला न काढता थेट माझ्या स्वयंपाकघरात. "वहिनी, एका पोराच्या लग्नापायी तुम्ही सगळ्यांना तहानलेलं ठेवणार?"

"भाऊजी, तुमच्या लग्नात हीच पिंपं भरताना हा बाणा कुठे गेला होता?" मी म्हटलं. तो आल्या पावली परतला. मग पलीकडे काहीतरी आपटलं आणि माझी कात्री खाली पडली.

मामा सकाळीच आला. किडकिडीत माणूस, धुळीने माखलेले बूट, बोलणं मऊ. सोबतचे लोक इतर गल्ल्यांत पाठवून आमच्या गल्लीत तो स्वतः शिरला, नातं जुळणार म्हणून. आधीची घरं बघत बघत तो माझ्या दारात पोचला, तर उंबऱ्यासमोर चिखल. तो हसला. मी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. पाणी रोज येतं. चांगलं तासभर येतं. हो, उन्हाळ्यातसुद्धा. त्याने पाणी मागितलं, मी पेला भरून दिला. पिंपं पाहून तो खुर्चीत सैल बसला.

"बरं झालं विहीणबाई, तुमचं घर बघितलं," तो म्हणाला. "नाहीतर मी फसलो असतो."

"कसे?"

"अहो, आम्ही येणार म्हटलं की प्रत्येक गाव नाटक करतं. रिकामे हंडे दारात रांगेने मांडून ठेवतात, बायका कपाळाला हात लावून बसतात. आमच्या नोकरीत रिकाम्या हंड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एखादंच घर असं असतं जे नाटक करायला विसरतं. खरी परिस्थिती तिथे कळते." त्याने लिहायला घेतलं. "तुमचं गाव दुसऱ्या टप्प्यात घालतो."

"दुसरा टप्पा म्हणजे कधी?"

"दुसरा टप्पा ही आमच्याकडे बोलण्याची एक पद्धत आहे," असं म्हणून तो पुन्हा हसला. नातेवाइकासमोर माणूस खरं बोलतो.

 मी समजत होते की माझं एक घर भरलेलं निघेल आणि बाकीच्या कोरड्या घरांत ते विरून जाईल. इथे उलटंच झालं होतं. साऱ्या गावाचं खरं खोटं ठरलं आणि माझं खोटं खरं. तेवढ्यात भिंतीवरून जाऊ ओरडली, "साहेब, इकडे येऊन बघा! इकडेही माणसंच राहतात! ती बाई विकतचं पाणी दाखवतेय तुम्हाला!"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्या घरात वाटणी झाली तेव्हापासून ती अशीच आहे. पाणी येतं तेव्हा झोपलेली असते."

"असतात अशी माणसं," मामा म्हणाला. पलीकडे जाऊ शिव्या द्यायला लागली, आणि जितकी ती ओरडे तितकी ती नाटकी वाटे. मला एका बाजूने बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग मामा पेला हातात फिरवत म्हणाला, "आमच्या पोरीने एकच गोष्ट विचारली होती. मुलगा काय करतो, दिसायला कसा आहे, काही नाही. तिथे पाणी असतं का, एवढंच. लहानपणापासून टँकरमागे धावतेय हो ती. म्हणाली, पाणी असेल तर डोळे मिटून हो म्हणा."

मला त्याचा भयंकर राग आला. हे सांगायची काय गरज होती? खुर्चीत बसला होतास, पाणी प्यायला होतास, उठून जायचं होतंस. आता मला दिसायला लागलं ते मी बघायला तयार नव्हते: लग्नानंतरची पहिली सकाळ, ती मुलगी आणि तिच्या हातात हंडे देणारी मी. ती रडेल की माझ्यासारखी गप्प राहील, एवढाच प्रश्न. आणि मग ती माझ्याशी मी मरेपर्यंत कामापुरतंच बोलेल. मी सासूला मनातल्या मनात जितक्या जीव तोडून शिव्या दिल्या तितक्या मला कुणी द्याव्यात हे मला सहन होणार नव्हतं. चांगुलपणा म्हणा हवं तर. मी तसं म्हणणार नाही.

"लिहिलेलं खोडा," मी म्हणाले.

"काय?"

"इकडे या." मी त्याला मोरीपाशी ओढतच नेलं आणि नळ दाखवला. नळाच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं, जुनं, धुळीने काळं पडलेलं. "हे काही नाटकासाठी रात्रीतून विणता येत नाही. पिंपातलं पाणी कालच्या टँकरचं आहे. बाहेर चिखल आहे तो मी केलाय. ती भिंतीवरची बाई खरं बोलतेय. या गल्लीत एकच घर खोटं आहे, तुम्ही उभे आहात ते."

मामाने वाकून त्या जाळ्याला बोट लावलं. मऊ बोलणं संपलं. "म्हणजे माझ्या बहिणीला तुम्ही तोंडावर फसवलंत."

"फसवलं."

"आणि आमच्या पोरीलाही फसवलं असतंत."

"म्हणून तर सांगितलं ना!"

त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं, पेला पिंपाच्या झाकणावर ठेवला आणि निरोप न घेता निघून गेला.  भिंतीपलीकडून जाऊ म्हणाली, "हे काल बोलला असतात तर टँकर तरी वाचला असता." शाबासकी तिच्या सात पिढ्यांत कुणी दिलेली नाही.

दिवस मावळायच्या आत मुलीच्या वडिलांचा फोन आला. पोरगा माझ्यासमोर उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "लग्न माझं होतं. मला विचारायचं तरी." ओरडला असता तर मीही ओरडले असते. तो दुकानात गेला आणि त्यानंतर तो गुणगुणला नाही.

गाव पहिल्या टप्प्यात आलं. श्रेय दिराने घेतलं, त्याच्या सभेमुळे म्हणे. मी भांडले नाही, कारण खरी गोष्ट सांगायची तर आधी मी साहेबाशी काय खोटं बोलले तेही सांगावं लागलं असतं. पाइपलाइन यायला वर्षं लागली. रस्ते खोदले, बुजवले, पुन्हा खोदले. टेकडीवर टाकी उभी राहिली. मधल्या काळात मुलासाठी दोन स्थळं आली आणि वय ऐकून गेली. पुढे येईनाशी झाली.

उद्घाटनाला मंडपात मी मागे बसले होते. भाषणं चालू असताना शेजारच्या खुर्चीवर मामा येऊन बसला. केस पांढरे झाले होते.  समोर बघतच तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं होतं. मी घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा पोरगी तरीही हो म्हणत होती. पाणी काय आज ना उद्या येईल म्हणाली, पण खरं बोलणारी सासू कुठे मिळते. मीच मोडलं. मला अपमान वाटला होता."

"आता कुठे आहे ती?"

"दिली लांब. मूल आहे."

"मग हे मला आज कशाला सांगितलंत?"

"मनावर ओझं होतं."

"तुमचं हलकं झालं," मी म्हणाले, "माझं काय?" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. मी उठले आणि टाळ्या चालू असतानाच निघाले. रस्ताभर मी त्या माणसाला, त्याच्या खात्याला, माझ्या सासूला, सगळ्यांना शिव्या देत चालत होते, आणि रडतही होते, हे जावेला कळू नये म्हणून मागच्या गल्लीने गेले.

घरी नळ चालू होता. चांगला जाड, पांढरा झोत. मुलगा दुकानातून येऊन हातांचं काळं वंगण घासत होता, बघतच नव्हता पाण्याकडे. केसांत त्याच्याही पांढरं आलंय. मी पदराने तोंड पुसलं.

"त्या मुलीचे मामा आले होते म्हणे," तो म्हणाला. "तुझ्याशी बोलत होते. काय म्हणाले?"

इतक्या वर्षांत त्याने तिचा विषय पहिल्यांदा काढला होता. हात घासायचे थांबवून तो माझ्याकडे बघत होता.

"काय म्हणणार?" मी म्हटलं. "पाण्याला दाब चांगला आहे म्हणाले."