गालात धरलेला दाणा

दर गुरुवारी दुपारी मी आणि माझी मैत्रीण यूगेत, दू नावाच्या नदीकाठी मिको बागेत बसायचो, आणि चार वाजले की पूल ओलांडून मादाम पेरोंच्या चहाघरात जायचो. घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हापासूनची ही रीत. तेव्हा आम्ही चौघी होतो. पुढे जिनेत गेली, मग रेमोंद. बाक तोच राहिला. चौघींना तो अपुरा पडायचा, दोघींना उगाच लांबलचक वाटायचा.

त्या जानेवारीतल्या गुरुवारी मला यूगेतला एक गोष्ट सांगायची होती. नोव्हेंबरात मी जिन्यात पडले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही. माझी लेक सिल्वी पार उत्तरेतल्या लील शहरातून आली आणि म्हणाली, "आई, आता पुरे. माझ्याकडे चल." मी हो म्हटले. भांडायला अंगात जोरच नव्हता. येत्या शनिवारी सामानाची गाडी येणार होती. शेजाऱ्यांना सांगून झाले होते, औषधांच्या दुकानातल्या मुलीलाही सांगून झाले होते. फक्त यूगेतला सांगणे राहिले होते. तिला ना मूल ना बाळ, नवरा जाऊन वीस वर्षे झालेली. मी गेल्यावर या बाकावर ती एकटी बसलेली मला दिसायची, आणि तोंडातले शब्द तोंडातच राहायचे.

"बूड गोठलं माझं," यूगेत म्हणाली.

"खाली वर्तमानपत्र घातलं नाहीस?"

"घातलंय. बातम्याच गार आहेत."

नदी फुगून मातकट झाली होती. पाण्याकडे बघत मी शब्द जुळवत होते.

"आज गप्प का गं?"

"दमलेय."

"ट्राममधून उतरून बाकापर्यंत आलीस, एवढ्यात दमलीस?"

तेवढ्यात चारचे टोले पडले. सांगणे पुन्हा राहिले.

चहाघरात आमच्या टेबलावर गालेत तयार होती. गालेत म्हणजे जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाचा केक. आमच्याकडची गालेत चपटी, मऊ आणि संत्र्याच्या फुलांच्या वासाची; पॅरिसवाल्यांसारखी बदाम भरलेली नाही. तिच्यात चिनी मातीची एक चिमुकली वस्तू लपवलेली असते. तिला दाणाच म्हणतात, कारण पूर्वी खरोखरचा वालाचा दाणा असायचा. ज्याच्या तुकड्यात दाणा निघेल त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट, आणि पुढची गालेत त्याने आणायची. कारखान्यात हे सत्र फेब्रुवारी संपेपर्यंत चालायचे. एकदा रेमोंदने पुढची गालेत टाळायला दाणा चक्क गिळला होता. वर्षभर आम्ही तिला 'तिजोरी' म्हणत होतो.

आता आम्ही वर्षातून एकच गालेत खायचो. मागच्या जानेवारीत दाणा यूगेतला मिळाला होता, म्हणून ही गालेत तिची.

मादाम पेरोंनी तीन तुकडे केले. दोन आमचे, तिसरा न आलेल्यांचा. कुठला तुकडा कुणाचा, हे सगळ्यांत लहानाने टेबलाखाली बसून, न बघता सांगायचे असते. आमच्यात लहान म्हणजे यूगेत, एकोणऐंशीची.

"मी खाली गेले तर वर काढायला बंबवाले बोलवावे लागतील," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

"हा कुणाचा?" मादाम पेरोंनी विचारले.

"लुसेतचा."

लुसेत म्हणजे मी.

"हा?"

"न आलेल्यांचा. उरलेला माझा, आणि जरा मोठा असू दे."

दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली टणक काहीतरी आले. खरे तर ओरडायचे असते. पण ओरडले की मुकुट, आणि मुकुट म्हणजे पुढच्या जानेवारीची गालेत माझी. पुढच्या जानेवारीत मी इथे असणार कुठे? मी दाणा जिभेने गालात सारला आणि वरून चहा प्यायले.

यूगेतने आपला तुकडा संपवला, बोटाने चुरा टिपून खाल्ला.

"माझ्यात नाही. तुझ्यात?"

मी नाही अशी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

"मग जिनेत-रेमोंदला मिळाला म्हणायचा." तिने तिसरा तुकडा पुढे ओढला आणि काट्याने सावकाश फोडत गेली. त्यात काही नव्हते.

"मादाम पेरो, यंदा दाणा घालायला विसरलात का हो?"

"मी? माझ्या हातानं घातलाय, मादाम. निळी होडी आहे."

यूगेतने माझ्याकडे बघितले. मग लहान पोराच्या तोंडासमोर धरतात तसा तळहात माझ्या तोंडासमोर धरला.

"काढ, तिजोरी."

मी होडी तिच्या हातावर ठेवली. तिने ती रुमालाने पुसली.

"यूगेत, शनिवारी मी..."

"लीलला चाललीयेस. औषधांच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं, नाताळाच्या आधीच. चार गुरुवार वाट बघतेय मी, तू कधी बोलतेस म्हणून. बूड काय उगाच गोठवलं?"

"रागावलीस?"

"रागावले होते. आता मीही दमले."

तिने सोनेरी कागदाचा मुकुट माझ्या डोक्यावर चढवला, नीट बसेना म्हणून कानामागे दाबला. "पुढची गालेत तुझी."

"अगं, पण मी कशी आणणार? इतक्या लांबून?"

"ते तुझं तू बघ. दाणा तुझ्याकडे आहे." तिने होडी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

शनिवारी मी गेले.

पुढच्या जानेवारीत खुब्याचे दुखणे निघाले, प्रवास जमला नाही. लीलमध्ये आमची गालेत मिळत नाही. मी मादाम पेरोंना फोन करून गालेत सांगितली. गुरुवारी साडेचारला त्यांनीच मला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. मी पलंगावर पडून ऐकत होते. बशा वाजल्या, सुरी वाजली.

"हा कुणाचा?"

"माझा," यूगेतचा आवाज.

"आणि हा?"

"न आलेल्यांचा. म्हणजे लुसेतचा."

मग बराच वेळ नुसता काट्याचा आवाज.

"लुसेत, ऐकतेस ना? दाणा तुझ्या तुकड्यात निघाला बघ. पुढची पण तूच."

खरे की खोटे, इथून मी काय बघणार!

"बरं," मी म्हणाले.