गायरानातला चर

जेसीबीचं बकेट जमिनीत रुतणार, तेवढ्यात धुरपताबाई पदर खोचून चरात उतरली आणि मांडी घालून बसली. ड्रायव्हरनं घाईनं मशीन थांबवलं.

"मावशी, वर या. माती ढासळंल."

"ढासळू दे."

लोहा तालुक्यातल्या त्या गावाचं गायरान म्हणजे नुसता खडकाळ माळ. तीसेक वर्षांपूर्वी बौद्धवाड्यातल्या काही घरांनी तो फोडायला घेतला. धुरपताबाई आणि तिचा नवरा ग्यानोबा त्यांतलेच. दोघांनी दगड वेचून बांध घातले, टोपल्यांनी गाळ वाहिला, तेव्हा कुठं तूर उभी राहिली. आता ग्यानोबा नव्हता. जमीन अजून सरकारचीच होती. पट्टा कुणाच्याच नावावर झाला नव्हता.

हिवाळ्यात अर्धा वाडा ऊसतोडीला गेला असताना ग्रामसभेनं ठराव केला, की माळ एका कंपनीला द्यायचा. कंपनी तिथं जंगल लावणार, ती झाडं जेवढा कार्बन शोषतील तेवढ्याचे पैसे परदेशातले कारखाने देणार आणि आपला धूर तेवढा फिटला म्हणणार. वाडा परतला तेव्हा माळाला तीन बाजूंनी कुंपणासारखा चर खणून झाला होता. चौथ्या बाजूला धुरपताबाईचं रान होतं.

कंपनीचा विनोद चराच्या काठावर येऊन उकिडवा बसला. पोरगा भला होता.

"आजी, हे सगळ्या जगासाठी चाललंय. ऊन किती वाढलंय बघताय ना? झाडं लावावीच लागतील."

"झाडाला कोण नको म्हणतंय, बाबा? बांधावर मी बी लावलीत. माझ्या तुरीत कशाला?"

"मोकळी जागा इथंच आहे."

"मोकळी? मग मी इतकी वर्सं काय खाऊन राहिले?"

विनोद उठून बाजूला झाला. मग सरपंच हणमंतराव पुढं आले.

"धुरपताबाई, तमाशा नगं. तुला राखणदार म्हणून ठिवायला सांगतो. पगार मिळंल."

"माझ्या रानाची राखण मी करतेच हाय, सरपंच. तिला पगार लागत न्हाई."

ऊन चढलं तशा वाड्यातल्या बाया आल्या आणि एकेक करून चरात उतरल्या. त्यांच्यामागं सरपंचांची बायको केवळाबाई कळशी घेऊन आली. तिच्या म्हशी याच माळावर चरत.

"तू कशाला आलीस?" हणमंतरावांनी विचारलं.

"म्हशी काय तुमच्या ठरावावर चारायच्या?" असं म्हणून तिनं कळशी खाली दिली. धुरपताबाई तोंड लावून प्याली. उरलेलं पाणी केवळाबाईनं तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं. काही बाप्यांनी माना दुसरीकडं वळवल्या.

दुपारी पोलिसांची गाडी आली. बाई शिपायानं हात पुढं केला.

"हात नगं लावूस, बाई. माझी मी येते."

लोह्याच्या ठाण्यात तिला बाकड्यावर बसवून ठेवलं. लातूरला नर्स असलेल्या तिच्या लेकीचा, लुंबिनीचा, फोन आला.

"आई, काय म्हणतायत पोलीस?"

"पुन्हा अडवणार न्हाई असं लिहून दे म्हणत्यात."

"मग?"

"न्हाई दिलं. बसले हाय."

"बस. मी निघाले."

लुंबिनी पोचायच्या आधीच, दिवस कलताना, पोलिसांनी धुरपताबाईला काही लिहून न घेता सोडलं. एसटीनं ती गावात आली आणि थेट माळावर गेली. बाया अजून चरातच होत्या. जेसीबी निघून गेला होता. सरपंचांनी पुन्हा ग्रामसभा घ्यायचं कबूल केलं होतं, पण मशीन परत येणारच नाही असं कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

"घरी जाऊन पड जरा," केवळाबाई म्हणाली.

धुरपताबाईनं मान हलवली आणि न खणलेल्या बाजूनं रानात गेली. मिरगाच्या पेरणीला फार दिवस उरले नव्हते. ती वाकली आणि तुरीची धसकटं एकेक उपटून बांधावर टाकू लागली.