ज्याचं नातं, तो बाहेर

वकीलबाई हे तिचं खरं नाव नव्हे, गल्लीने लावलेलं. ती दवाखान्यात केसपेपर काढायची. खिडकीशी आलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला काय होतंय ते हीच सांगून मोकळी व्हायची. बहुतेक वेळा ते बरोबरही निघायचं, मग तिला आवरणार कोण?

घरी तिचा एकच पक्षकार होता, धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस, लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत. हातपाय त्यांच्याच मर्जीने चालणारे, आणि जीभ त्यांच्याहून हट्टी. त्याचं बोलणं आईला कळायचं. आई गेल्यावर फक्त वकीलबाईला. तो दोन शब्द बोलला की ती त्याची चार वाक्यं करायची. लोक प्रश्न भावाला विचारायचे आणि उत्तरासाठी बघायचे हिच्याकडे. यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही, हिला तर नाहीच नाही.

संकट आलं ते केंद्राकडून. सकाळी नऊ ते पाच भाऊ अपंगांच्या केंद्रात असायचा, म्हणून तर हिची नोकरी टिकली होती. एक दिवस चिठ्ठी आली : हा ताट उडवतो, दिवसभर ओरडतो, पुढच्या महिन्यापासून पाठवू नये. वकीलबाईच्या पायाखालची जमीन सरकली. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर याला बघायचं कोणी?

तिने एक छोटी संस्था गाठली. अपंगांच्या बाजूने कचेऱ्यांशी भांडणारी संस्था. बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या, दाराशी सिमेंटचा उतार आणि पाच विश्वस्त. अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे, पोलिओने दोन्ही पाय गेलेले. सगळे त्यांना काका म्हणत. केंद्राने भावाला काढू नये म्हणून हिने अर्ज दिला. पुढे एकतीस अर्ज होते.

त्याच आठवड्यात एका विश्वस्ताने जागा सोडली. अर्ज घेणाऱ्या माणसाशी वकीलबाई कशी हमरीतुमरीवर आली ते काकांनी आतून ऐकलं होतं.

"बाई, आम्हाला असंच तोंड हवंय," काका म्हणाले. "विश्वस्त व्हाल का?"

तिने मनाशी आडाखा बांधला. एकदा आत शिरलं की आपला अर्ज वर सरकवायला कितीसा वेळ? ती हो म्हणाली. काकांनी नियमांचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. दुनियेचे कागद तपासणाऱ्या या बाईने तेवढा एक नीट ऐकला नाही आणि सही ठोकली.

एकोणिसाव्या दिवशी बैठक लागली. भावाचा अर्ज पहिलाच होता. हिने खुर्ची ढकलत त्याला आत नेलं आणि शेजारी बसायला गेली.

"तुम्ही बाहेर थांबा," काका म्हणाले.

"मी? अहो, त्याचं बोलणं तुम्हाला कळणार आहे का?"

"ज्याची गोष्ट तो आत, ज्याचं नातं तो बाहेर. विश्वस्ताच्या घरचा अर्ज असला की आमचं हेच असतं. वाचून दाखवलं होतं मी."

"मग बोलणार कोण त्याच्या वतीने?"

"तोच."

आणखी एक गोष्ट तिला तेव्हा दारातच कळली. भावासारखे मुदत संपत आलेले अर्ज संस्था तसेही आधी घ्यायची. म्हणजे ती विश्वस्त झाली नसती तरी आजच नंबर लागला असता, आणि साधी नातेवाईक म्हणून ती खुशाल त्याच्या शेजारी बसली असती. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय.

बाहेर बाकावर ती सव्वा तास बसली. आत एक मुलगी होती, तिला सगळे तक्तेवाली म्हणत. पारदर्शक तक्त्यावर अक्षरं लिहिलेली. समोरच्याने ज्या अक्षराकडे पाहावं ते तिने टिपायचं. असल्या तक्त्याबद्दल वकीलबाईला पूर्वी एका डॉक्टरने सांगितलं होतं. "आमचं आम्हाला कळतं," म्हणून तिने त्याला उडवून लावलं होतं. आईने भावाला अक्षरं शिकवली होती खरी, पण ती त्याच्या लक्षात कुठली असायला?

आतून ओरडण्याचा आवाज येत नव्हता. सव्वा तासात एकदाही नाही. तिला ते बरं वाटायला हवं होतं, पण तिला भीती वाटायला लागली.

बोलावणं आलं तेव्हा भाऊ घामाने भिजला होता. मान एका बाजूला पडली होती, डोळे मात्र सरळ तिच्यावर होते. काकांनी कागद हातात घेतला.

"त्याचे शब्द आहेत तसे वाचतो," ते म्हणाले. "ताट उडवलं की विचारतात काय झालं. ताईला विचारतात. दोन वर्षांपूर्वी घराचे साहेब आले. मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं. ताईने नाही सांगितलं."



ते साहेब तिला लख्ख आठवत होते. सहा जणांनी मिळून राहायचं घर, पाळीपाळीने येणारे मदतनीस. त्यातली एक जागा ते घेऊन आले होते. त्यांनी भावाला विचारलं होतं, आणि भाऊ हो म्हणाला होता. तिने ते स्वच्छ ऐकलं होतं. आईला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. हाही गेला तर संध्याकाळी कुलूप उघडून आपण कोणाशी बोलायचं, एवढंच तिच्या मनात आलं. "नाही म्हणतोय," ती साहेबांना म्हणाली होती. "घर सोडवत नाही त्याला." भावाने त्या दिवशी पहिल्यांदा ताट उडवलं होतं.

"त्याला काय कळतंय…" तिने सुरुवात केली, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून ती थांबली.

"खरं आहे का, बाई?" काकांनी विचारलं.

"हो."

"ती जागा आता भरली. यादी बंद आहे. पुन्हा कधी उघडेल सांगता येत नाही. केंद्राशी आम्ही भांडू, ते ऐकतील न ऐकतील." काकांनी चष्मा काढला. "पण यापुढे आम्ही त्याच्या बाजूने, आणि त्याची तक्रार तुमच्यावर आहे. तुम्हाला विश्वस्त राहता येणार नाही."

राजीनामा तिने तिथेच लिहिला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, त्याचा तिला संताप आला.

आणि मग भावाला घरी कोणी न्यायचं? दुसरं कोण होतं? तिनेच खुर्चीचा ब्रेक काढला, तिनेच उतारावरून खुर्ची जपून खाली आणली. ज्याच्या तावडीतून सुटायचं त्याच्याच हातून भावाने रात्री घास खायचा, सकाळी अंग धुऊन घ्यायचं; असं किती महिने, किती वर्षं, ते त्या यादीला माहीत. रस्ताभर तिला रडू येत होतं, पण त्याच्या पाठीमागे रडणंही तिला चोरटं वाटलं.

कोपऱ्यावर न्हावी दुकानाबाहेर उभा होता. महिन्यातून दोनदा तो भावाची दाढी करायचा.

"काय म्हणतोय आमचा पठ्ठ्या?" त्याने भावाला विचारलं, आणि सवयीने बघितलं हिच्याकडे.

भाऊ बोलला. मान ताणून, थुंकी उडवत, एकेक शब्द ढकलत. तो काय म्हणाला ते भर रस्त्यात एकाच माणसाला कळलं होतं. ठीक आहे म्हणतोय, दमलाय म्हणतोय, असं तिने सांगितलं असतं तर न्हावी मान डोलावून आत गेला असता.

"म्हणतोय," ती म्हणाली, "ही माझं खोटंच सांगते. मला हिच्याकडे राहायचं नाही."

न्हावी खो खो हसला. "भारी आहे हां हा! बहिणीचीच खेचतो!" त्याने भावाच्या खांद्यावर थाप मारली.

भाऊ पुन्हा तेच बोलला, जास्त जोरात. मग आणखी एकदा. न्हावी हसतच होता.

"हसू नका," वकीलबाई म्हणाली. "तो गंमत करत नाहीये."

"तुम्ही पण ना बाई," न्हावी डोळे पुसत म्हणाला, "अगदी खरं वाटावं असं सांगता."