आपले पत्र मिळाले

चिमटा हिरवा होता, प्लास्टिकचा, आणि त्याच्या दातांत धरलेलं ते निळं आंतर्देशीय पत्र अंगणातल्या तारेवर अर्धं वळायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. हातातल्या चहावर साय धरली तरी मुंजाजी सरांची नजर तिथून हलेना. काल संध्याकाळपर्यंत ते पत्र तारेवर नव्हतं. ते एका जाड पुस्तकात होतं, खूण म्हणून घातलेलं, दसऱ्याच्या आधीपासून — घरमालकाचं पत्र, ज्याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही — आणि ते पुस्तक बाकीच्या पुस्तकांबरोबर भिजून फुगलं होतं. म्हणजे वनमालानं ते सुकवायला उघडलं. पत्र तिच्या हाती लागलं. तिनं ते फेकलं नाही, गिऱ्हाइकांच्या डागाळलेल्या झंपराच्या तुकड्यांशेजारी नीट चिमटा लावून टांगलं... वाचून? की न वाचता?

विचारायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम. पण एका वाक्याची कामं त्यांना आयुष्यात कधी जमली नव्हती.

घर गहिनीनाथरावांचं. खालच्या दोन खोल्यांत सर आणि वनमाला, एकोणीस वर्षं भाड्यानं; वर मालकाची बंद खोली, तिला लागून न्हाणी, आणि गच्चीवर टाकी. गहिनीनाथराव आता कडा या गावी मुलाकडे असतात. कान गेलेत, फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून ते अजून पत्र लिहितात — शाईच्या पेनानं, मोठ्या गोल अक्षरात. पत्र सरांना पाठ होतं. वरच्या न्हाणीचा पाइप कुजला आहे. टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा. केला की चार ओळी कळवा, म्हणजे दिवाळीनंतर गवंडी घेऊन येतो.

पत्र आलं त्याच दिवशी सर गच्चीवर गेले होते. हे कुणाला माहीत नव्हतं. टाकीखाली व्हॉल्व्ह दोन होते, एकसारखे, लाल रंगाचे. कुठला? चुकीचा फिरवला आणि खालचं पाणी बंद झालं तर? किंवा तुटला तर? — एक नळवाला बोलावला असता तर पाच मिनिटांचं काम, पण नळवाला हसला असता, सर, एवढं बी कळंना का तुमाला... म्हणून त्यांनी ठरवलं, आधी मालकांना लिहून विचारू. आणि लिहायला बसले. ‘सप्रेम नमस्कार’ की ‘सादर’? गहिनीनाथराव वयानं दोन वर्षांनी मोठे. पहिला मसुदा फार लांब झाला, दुसरा उद्धट वाटला, तिसऱ्यात ‘दोन व्हॉल्व्ह आहेत’ हे वाक्य मालकाची चूक काढल्यासारखं दिसायला लागलं. मग पत्र पुस्तकात गेलं. पुस्तक कपाटात.

आणि मग धारूरचं लग्न. तीन दिवस. गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नाही, म्हणून गावाला जाताना टाकीची तोटी कुणीच बंद करत नाही. आलेलं पाणी वाया जायला नको. पाणी आलं, कुजलेला पाइप फुटला, टाकी भरत राहिली आणि त्यातून खाली रिकामी होत राहिली. परत येऊन कुलूप काढलं तेव्हा वनमाला पहिल्यांदा कपाटाकडे गेली नाही, भिंतीकडे गेली. तिथं तिची शिलाई मशीन होती. वरची फळी फुगून उकललेली, सगळ्यावर छताचा ओला चुना. तिनं चाकाला हात लावला. चाक फिरलं नाही. ती पदरानं चुना पुसत राहिली... चौदा वर्षं सरांच्या शाळेला अनुदान नव्हतं, चौदा वर्षं ते बिनपगारी शिकवत राहिले, आणि ती मशीन चालत राहिली. पेन्शन नसल्यानं आजही घर तिच्यावरच होतं, हे ते स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणत नसत.

“आवं, लिवला का न्हाई आजून भरपाईचा अर्ज?”

वनमाला पुस्तकांची पानं सोडवत उन्हात बसली होती. त्यांनी कप खाली ठेवला.

“लिहितोय.”

“बघू.”

त्यांनी वही पुढं केली. तिनं चष्मा लावला. ओठ हलवत वाचायची तिची जुनी सवय. “छताचे नुकसान... भिंतीस ओल... पुस्तके नग एकशे पंधरा...” तिनं पान उलटलं. मागं कोरं होतं. “अन् मशीन?”

सरांना खरंच आठवेना, कशी राहिली.

“पुस्तकं नग एकशे पंधरा मोजून लिवलेत. पाक सगळी यादी केली. मशीन एकच व्हती, ती कावून न्हाई सापडली?”

“राहून गेली. आता लिहितो.”

“लिवा. अन् हे ‘आपणांस विदित असेलच’ कशाला? कुनाला विदित? छत गळलं, मशीन गेली, भरून द्या. तुमाला चार वळी लिवायला तीन म्हैने लागतेत.”

ती पुन्हा पुस्तकाकडे वळली. चार वळी. तीन महिने. सरांनी तारेकडे पाहिलं नाही. ‘चार ओळी’ हे शब्द पत्रातले होते — की कुणीही म्हणेल असे साधे शब्द होते? तीन महिने मात्र कुणीही म्हणणार नाही. पाणी गळून अजून बारा दिवसही झाले नव्हते.

परवा परमेश्वरचा फोन आला होता. गहिनीनाथरावांचा मुलगा, कड्याला खताचं दुकान, बोलणं भरभर, पण मन मोकळं. “सर, फोटू बघितले. लई वाईट झालं बघा. तुमी एक अर्ज लिहून द्या, घर आता आमा दोघा भावांच्या नावावर हाय, भावाला दाखवावं लागतं. भरून देऊ. तुमची चूक काय त्यात?” आणि मग, जाता जाता: “बाबा म्हणतेत, पाइपाचं तुमाला पत्र टाकलतं. आलतं का?”

सर गप्प राहिले होते. गप्प राहण्याला एवढा अर्थ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“न्हाई ना? मी म्हणलोच. बाबांचं आता काही खरं न्हाई, सर. परवा जेवून उठले अन् म्हणतेत, मला कुणी वाढलंच न्हाई. पत्राचं तर रोज चालू हाय — मी टाकलं, माझ्या हातानं टाकलं. आता डाक्टरला दाखवणार हाय.”

“हॅलो... हॅलो... आवाज तुटतोय,” असं म्हणून सरांनी फोन ठेवला होता. आवाज स्वच्छ येत होता. मागे कुणीतरी खोकत होतं, तेसुद्धा ऐकू आलं होतं.

“आवं,” वनमाला मान वर न करता म्हणाली, “सुकलं असंल तर काढून घ्या ते तारंवरून. मला साडी टाकायचीय.”

ते उठले. पत्र चिमट्यासकट काढलं, आत आले, खिडकीशी धरलं. शाई पसरून सगळा कागद फिकट निळा झाला होता. वरची तारीख दिसत होती. ‘पाइप’ नव्हता. ‘व्हॉल्व्ह’ नव्हता. मधल्या ओळी धुऊन गेल्या होत्या, फक्त घडीत दबलेली एक ओळ तेवढी शाबूत होती — चार ओळी कळवा. हे पत्र कुणाला दाखवलं तरी त्यात काही नव्हतं. पत्र मिळालं नाही, एवढंच अर्जात लिहायचं. किंवा तेही नाही, नुसतं गप्प राहायचं, जे त्यांना सगळ्यांत चांगलं येतं. मशीन मिळेल. छत होईल. कुणाचं काय जाणार होतं?

पण कड्याला एक बहिरा म्हातारा खुर्चीत बसून म्हणत असेल, मी टाकलं, माझ्या हातानं टाकलं. पहिल्या दिवशी ठामपणे. चौथ्या दिवशी जरा हळू. आणि घरातली सगळी प्रेमानं मान हलवत असतील... किती दिवस लागतात? सरांना कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन ओढून पाहावं लागतं. गॅस बंद केला का, हे दोनदा उठून पाहावं लागतं. मला कुणी चार दिवस सांगितलं असतं की मुंजाजी, तू हे केलंच नाहीस, तर पाचव्या दिवशी मी मान्य केलं असतं. मी तर दुसऱ्याच दिवशी केलं असतं. त्या माणसाकडे स्वतःच्या हाताची आठवण आहे आणि तिचा एकच साक्षीदार आहे, आणि तो साक्षीदार इथं खिडकीशी उभा राहून शाई किती धुतली गेली ते बघतोय.

त्यांनी शर्ट चढवला. अर्ज वहीतच राहिला.

“कुठं?”

“पोस्टात.”

तिनं एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की नव्हतं, ते त्या नजरेत सापडलं नाही. “चष्मा घ्या,” एवढंच म्हणाली. चष्मा डोळ्यांवरच होता.

पोस्टातल्या बाईंनी आंतर्देशीय शोधायला वेळ लावला. “सर, आता पत्र कोण टाकतंय? तुमी अन् तुमच्यासारखे दोघं.” दोरीला बांधलेलं पेन होतं, टेबल हलत होतं, मागे एक जण खातं उघडायला उभा होता. मसुदा करायला जागाच नव्हती. त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, गहिनीनाथरावांना चष्म्याशिवाय दिसेल इतक्या:

आपले पत्र मिळाले. दसऱ्याच्या आधीच मिळाले होते. टाकीखाली व्हॉल्व्ह दोन आहेत, कोणता ते मला कळले नाही. विचारायचे राहून गेले, ही माझी चूक. घरात पाणी आले. पुस्तकांचे मी बघेन. माझ्या पत्नीची शिलाई मशीन गेली, तिचे पोट त्यावर आहे. तिचा यात दोष नाही. पाइप तुमचा होता. मशीन भरून द्यावी. हे पत्र परमेश्वरला दाखवावे, म्हणजे तुमचे पत्र मिळाले होते हे त्यालाही कळेल.

सही केली. पुन्हा वाचायचं म्हणून चष्मा नीट केला... आणि वाचलं नाही. कडा चिकटवल्या, पत्ता घातला. पेटीच्या फटीत पत्र अर्धं गेलं तेव्हा आठवलं की सुरुवातीला सप्रेम नमस्कारही लिहिलेला नाही, सादरही नाही, काहीच नाही. बोटं सुटली. आत कुठंतरी ते रिकाम्या पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.

आता परमेश्वर काय म्हणेल? भाऊ काय म्हणेल — पाइपाचं माहीत होतं तरी गप्प बसलात, आता कसलं मागता? मशीन मिळेल? वनमालाला घरी जाऊन काय सांगायचं, पुस्तकांची भरपाई सोडून दिली हे, की पत्र दाबून ठेवलं होतं हे, आणि आधी कुठलं? काहीच सुटलं नव्हतं. मनातली धास्ती तशीच होती, पण गेले तीन महिने ती मागं ओढत होती, आणि आता ती पुढं कुठंतरी बघत होती. उत्तर देणं संपलं होतं. आता उत्तराची वाट पाहायची होती — हे त्यांना नवीन होतं, आणि ते कसं करतात हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं.

खिशात हात घातला तर चिमटा लागला. तो परत न्यायला हवा. वनमालाचे चिमटे मोजलेले असतात. त्यांनी तो उघडला, मिटला, बोटाला लावून पाहिला, आणि तसाच लावून घराकडे चालू लागले.