पहिली फेरी रद्द

"आठवा नंबर," पडद्यामागून इंजिनीअरबाई म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. कानसेनांनी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या. "जुना."

ॲम्प्लिफायरच्या या कारखान्यात एकतीस वर्षं शेवटचा कान त्यांचा. त्यांनी ऐकून मान डोलावल्याशिवाय एकही खोकं बाहेर पडत नसे, म्हणून हे टोपणनाव. निम्मं कौतुकाचं, निम्मं चेष्टेचं. आता साहेबांनी स्वस्त भागांचा नवा ॲम्प्लिफायर काढला होता आणि फरक कोणाच्या बापाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पडद्याआड जुना-नवा उलटसुलट लावायचा. दहापैकी नऊ ओळखले तर ऐकण्याची खोली राहील, नाहीतर तिचं गोदाम होईल आणि कानसेन पॅकिंगमध्ये जातील.

दहावा झाला. बाई पडदा सारून बाहेर आल्या. "काका, दहाच्या दहा बरोबर."

साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "मानलं बुवा," म्हणत ते उठले.

पाचव्यापासून एक शंका मात्र कानसेनांना कुरतडत होती : आपण ॲम्प्लिफायर ओळखतोय की नुसता मोठा आवाज? किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो. म्हणून दोन्ही आधी मीटरवर सारखे करायचे, हे बाईंना त्यांनीच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बजावलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसावं असं त्यांना फार वाटलं.

"बाई, मीटर लावा जरा."

जुन्याचा आवाज थोडा मोठा निघाला. बाईंचा चेहरा उतरला. "सकाळी सारखे केले होते हो. मग केबल बदलली आणि परत मोजायचं राहिलं."

"मग आता करा. पुन्हा घेऊ."

साहेब परत खुर्चीत बसले.

या फेरीत कानसेनांनी जीव कानांत गोळा केला. दर खेपेला वाटायचं, अगदी हाच. बरोबर निघाले पाच. चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तेवढेच आले असते.

बाई रडवेल्या झाल्या. "काका, तुम्ही बोललाच नसता तर?"

"तर उद्यापासून या खोलीत बसून मी काय ऐकलं असतं?"

त्यांनी निकालाचा कागद बाईंपुढे सरकवला. "पहिली फेरी रद्द, असं लिहा. खाली सही माझी घ्या."

त्यांनी सही केली. मग ते साहेबांकडे वळले.

"पॅकिंगवाले सकाळी किती वाजता येतात हो?"